गाडी लावताना तोंड रस्त्याकडे ठेवा
मी यवतमाळ जिल्ह्यातल्या वणी-मारेगाव भागात पिकअप चालवतो. हंगामात जिनिंगला, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्याला, कापूस, एरवी आठवडी बाजार. नव्या पोरांना माझं एकच सांगणं: भाऊ, गाडी रिव्हर्समध्येच लावा.

वळतात ती पुढची चाकं. मागचा भाग आधी आत घातला की तोंड मोकळ्या रस्त्यावर फिरवता येतं, अरुंद जागेतही गाडी बसते. पण खरं कारण निघतानाचं. लावताना जागा रिकामी आहे हे तुम्ही नुकतंच पाहिलेलं असतं. दोन तासांनी बाजार भरतो, बाया टोपल्या घेऊन बसतात, पोट्टे खेळतात. तेव्हा रिव्हर्समध्ये निघालात तर डाल्यामागं, म्हणजे माल ठेवायच्या मागच्या भागामागं, बसलेलं लेकरू आरशात दिसतच नाही.

आधी उतरून मागं बघा: दगड, नाली, खुंटा. गाणं बंद, काच खाली. सोबत्याला ठीक मागं नको, उजव्या आरशात दिसेल असा बाजूला उभा करा. तो दिसेनासा झाला की लगेच ब्रेक. क्लच हळू सोडा, घाई कशाचीच नाही.

रात्री घरापुढंही अशीच लावा. कोणाला साप चावला तर गाडी सरळ दवाखान्याकडं निघते.

मागं भिंत असेल अन् डाल्यात माल भरायचा असेल, तिथं मात्र तोंड आत घाला. मग निघताना सोबत्याला आधी खाली उतरवा.