मोरीचं पाणी शेवाळाकडून साफ करून घ्यायचं असेल तर

भांडी-कपड्याचं पाणी झाडांना द्यायच्या आधी शेवाळाच्या टाकीतून काढा, खरंच फरक पडतो. टाकी उथळ आणि पसरट हवी, फूटभर पाणी पुरे, कारण ऊन तळापर्यंत पोचलं पाहिजे. मी आधी खोल ड्रम घेतला होता, तर वर हिरवंगार आणि खाली काळा गाळ, वास तर असा की शेजारच्या काकू विचारायला आल्या. कॅलिफोर्नियात विल्यम ऑस्वाल्ड या संशोधकांनी 1950 च्या दशकात असेच उथळ तलाव करून दाखवले, त्यात पाणी फिरतं ठेवतात.

आधी खरकटं आणि तेल जाळीने अडवा. मग तळ्यातलं हिरवं पाणी तांब्याभर विरजणासारखं टाका, ऊन बघून आठवडाभर ठेवा आणि दिवसातून दोन-तीनदा काठीने ढवळा. शेवाळ उन्हात ऑक्सिजन सोडतं, त्यावर जिवाणू घाण कुजवतात आणि त्यातून सुटलेलं नायट्रोजन, फॉस्फरस शेवाळ खातं, म्हणजे दोघांचं एकमेकांवर चालतं. फिनाईल किंवा ब्लीचचं पाणी मात्र अजिबात नको, सगळं मरतं.

शेवटी सुती कापडातून गाळा, हा टप्पा चुकवू नका, शेवाळ पाण्यातच मेलं तर खाल्लेलं सगळं परत पाण्यात सोडतं. कापडावरचा हिरवा लगदा कंपोस्टमध्ये घाला. पाणी फुलझाडांनाच द्या, पालेभाजीला नको, जंतू राहतातच. आणि टाकीवर मच्छरदाणी बांधा, डेंग्यूचा डास साठलेल्या पाण्यातच होतो.