श्रीलंकेला पंधरा-वीसजण निघालात? या चुका टाळा

फेब्रुवारी महिना, आम्ही सोळाजण. चार घरं, सर्वांत धाकटा नऊ वर्षांचा पुतण्या आणि सर्वांत मोठ्या माझ्या सासूबाई, वय चौऱ्याहत्तर. कंदलामाच्या तळ्याकाठच्या हॉटेलात आम्ही पोचलो रात्री साडेआठला आणि निघालो सकाळी सातला. जेफ्री बावा या वास्तुरचनाकाराने कड्याला बिलगून उभी केलेली, वेलींनी झाकलेली, जवळजवळ एक किलोमीटर लांबीची ती इमारत. लोक खास ती पाहायला येतात. आम्ही अंधारात किल्ल्या वाटल्या, जेवलो, झोपलो आणि पहाटे बॅगा दाराबाहेर ठेवल्या. बसमध्ये बसताना सासूबाई म्हणाल्या, "इथं थांबायचंच नव्हतं, तर एवढे पैसे कशाला भरलेस गं?"

त्या सहलीत सात रात्रींत आम्ही सहा हॉटेलं बदलली. आखणी माझीच होती. त्यानंतर आणखी एकदा घरच्यांना घेऊन गेले, नात्यातल्या दोन-तीन गटांना कार्यक्रम आखून दिले. पुन्हा पुन्हा होताना दिसतात त्या चुका इथं लिहिते आहे.

"छोटासा तर देश आहे"

क्षेत्रफळ ६५,६१० चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या जेमतेम पाचव्या हिश्शाएवढं. नकाशावर बोट फिरवलं की वाटतं, आठवड्यात सगळं उरकेल. पण कँडी ते नुवारा एलिया हे घाटातलं अंतर ७७ किलोमीटर असून अडीच-तीन तास लागतात. कोलंबो ते कँडी सुमारे ११५ किलोमीटर, त्याला तीन ते चार तास. उलट कोलंबोहून दक्षिणेला गॉलकडे जाणारा द्रुतगती मार्ग आहे, तिथे तेवढंच अंतर दोन तासांच्या आत संपतं. म्हणून किलोमीटर पाहूच नका, तास विचारा. आणि गट मोठा असेल तर त्या तासांत निम्मे आणखी मिळवा. सोळा माणसं चहाला उतरली की पाऊण तास गेलाच. त्यात दोघं शहाळं घेणार, एकाला स्वच्छतागृह सापडणार नाही.

विमानतळाचीही अशीच गफलत होते. नाव कोलंबोचं असलं तरी विमानतळ आहे कटुनायकेला, शहराच्या उत्तरेला तीसेक किलोमीटरवर. तुम्हाला सिगिरिया-दांबुल्लाकडे जायचं असेल तर आधी कोलंबोत शिरणं म्हणजे उलट्या दिशेचा प्रवास. पहिली रात्र जवळच्या निगोंबोला काढा, सकाळी ताजेतवाने होऊन निघा.

दुसऱ्या वेळी आम्ही नऊ रात्रींत चारच मुक्काम केले: निगोंबो एक, दांबुल्ला-सिगिरिया परिसरात तीन, कँडीत दोन, गॉलला तीन. एला हे डोंगरातलं गाव गाळलं, नुवारा एलियाही गाळलं. तरुण मंडळी आठवडाभर रुसून होती. तरीही माझं मत ठाम आहे. महागडं हॉटेल घेतलंत तर तिथं किमान दोन रात्री राहा, त्यातली एक दुपार पूर्ण मोकळी ठेवा. तेवढा वेळ नसेल तर साधं, स्वच्छ हॉटेल घ्या आणि उरलेले पैसे मोठ्या गाडीवर आणि चांगल्या गाइडवर घाला. कंदलामाला दुसऱ्यांदा गेलो तेव्हा सासूबाई अख्खी सकाळ गॅलरीत बसून होत्या. (तिथली माकडं धीट आहेत, गॅलरीचं दार उघडं टाकू नका.)

सगळ्यांनी सगळं एकत्रच पाहायचं

मला ही सर्वांत मोठी चूक वाटते, कारण ती प्रेमापोटी होते. कुणाला मागे ठेवायला जीव धजत नाही.

सिगिरियाचंच घ्या. पाचव्या शतकात कश्यप राजाने प्रचंड कातळाच्या माथ्यावर राजवाडा बांधला. वर जायला सुमारे बाराशे पायऱ्या आहेत, काही ठिकाणी उघड्या कड्याला लगटलेला लोखंडी जिना. अर्ध्या वाटेवर ती प्रसिद्ध भित्तिचित्रं. अजिंठा पाहिलेल्या माणसाला ती बघताना ओळखीचं काही भेटल्यासारखं होतं. तिथं फोटो काढायला बंदी आहे, ती पाळा. त्यापुढे सिंहाच्या पंजांमधून शेवटची खडी चढण. हे सगळं गुडघे दुखणाऱ्या माणसाला "हळूहळू चढू या" म्हणून करायला लावणं क्रूरपणा आहे. आमच्याकडे आत्यांना निम्म्यावर चक्कर आली. खाली आणायला दोन तास गेले, आणि त्यांना स्वतःला जे अपराधी वाटत राहिलं ते वेगळंच.

उपाय साधा आहे. गट आदल्या रात्रीच दोन भागांत वाटा. चढणारे सकाळी दरवाजा उघडताच आत हवेत, कारण दहा वाजल्यानंतर कातळ तापतो आणि जिन्यावर रांगा लागतात. न चढणाऱ्यांनी पायथ्याच्या जलउद्यानात निवांत फिरावं. दीड हजार वर्षांपूर्वीची ती प्रमाणबद्ध हौदांची आणि कारंज्यांची रचना बहुतेक लोक धावत ओलांडून जातात. शेजारी संग्रहालयही आहे. आणखी एक गोष्ट: कड्यावर रानमाश्यांची मोहोळं आहेत, शांतता राखा असे फलक लावलेले आहेत. वर पोचल्याच्या आनंदात आरोळ्या ठोकू नका. माश्या उठल्याचे प्रसंग तिथं खरोखर घडले आहेत.

दांबुल्लाच्या पाच लेण्यांनाही चढण आहे, मात्र सिगिरियापेक्षा बरीच कमी. तिथं त्रास होतो तो पायांना. चपला बाहेर काढाव्या लागतात आणि दुपारी फरसबंदी चटके देते. जाड मोजे बरोबर ठेवा, किंवा सकाळी जा.

आणि वडीलधारी मंडळी असतील तर पोलोन्नरुवा चुकवू नका. सहलींच्या कार्यक्रमात सिगिरियाला जागा करण्यासाठी हेच पहिलं कापलं जातं, याचं मला फार वाईट वाटतं. बाराव्या शतकातल्या पराक्रमबाहू राजाची ही राजधानी सपाटीवर आहे, गाडी एका अवशेषापासून दुसऱ्यापर्यंत जाते. गल विहारात एकाच कातळात कोरलेल्या मूर्ती आहेत. त्यातली पहुडलेली बुद्धमूर्ती सुमारे १४ मीटर लांबीची, उशीवर मस्तकाच्या भाराने पडलेला खळगासुद्धा दगडात दिसतो. आमच्या सगळ्या गटाने एकत्र, कुणालाही न दमवता पाहिलेली ही एकमेव जागा.

आपल्या सुट्ट्या आणि त्यांचा पाऊस

श्रीलंकेत मोसमी पाऊस दोनदा येतो आणि बेटाच्या दोन बाजूंना येतो. मे ते सप्टेंबर नैर्ऋत्येकडे: कोलंबो, गॉल, मिरिसा आणि डोंगराळ भाग. डिसेंबर ते फेब्रुवारीत ईशान्येकडे: त्रिंकोमाली, पासिकुडा. त्यामुळे "श्रीलंकेला कधी जावं" या प्रश्नाला एकच उत्तर नाही, कुठल्या किनाऱ्याला ते आधी ठरवावं लागतं. मुलांच्या परीक्षा संपवून मे महिन्यात निघणाऱ्यांनी दक्षिणेचं किनाऱ्यावरचं आलिशान रिसॉर्ट स्वस्त मिळालं म्हणून हुरळून जाऊ नये. ते स्वस्त का आहे ते तिथं लाटा बघून कळतं. मेमध्ये पूर्व किनारा धरा. त्रिंकोमालीचा समुद्र शांत असतो आणि कड्यावरचं कोणेश्वराचं देऊळ पाहता येतं.

दिवाळीच्या सुट्टीत मात्र दोन पावसांच्या मधला काळ असतो. दुपारी विजा कडाडून सर कोसळते, चक्रीवादळंही याच सुमारास येतात. नोव्हेंबर २०२५च्या 'डिटवा' वादळात डोंगराळ भागातले रस्ते आणि रेल्वेमार्ग यांचं मोठं नुकसान झालं. या दिवसांत जाणारच असाल तर बाहेरचं पाहणं सकाळी उरका, परताव्याच्या अटी वाचूनच आरक्षण करा.

पौर्णिमा न पाहता तारखा ठरवणे

तिथं दर पौर्णिमेला 'पोया'ची सार्वजनिक सुट्टी असते. त्या दिवशी मद्यविक्री बंद. गटातल्या कुणाच्या पन्नाशीची पार्टी नेमकी त्या रात्री ठेवलीत तर हॉटेलवाला नम्रपणे नाही म्हणेल. त्याच्याशी हुज्जत घालू नका, दिनदर्शिका आधी पाहा. जुलै-ऑगस्टमध्ये कँडीला एसला पेराहेराची मिरवणूक असते. शृंगारलेले हत्ती, मशाली, नर्तक. ती पाहायची तर खोल्या कित्येक महिने आधी घ्याव्या लागतात. ती पाहायची नसेल तर त्या दिवसांत कँडीतून गाडी काढायचा विचारही करू नका.

महाराष्ट्रातून अनेक उपासक-उपासिका अनुराधपूरला जातात. अशोकाची कन्या संघमित्रा हिने नेलेल्या बोधिवृक्षाच्या फांदीपासून वाढलेला जय श्री महाबोधी तिथं आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९५०मध्ये जागतिक बौद्ध परिषदेसाठी श्रीलंकेला गेले होते, तेव्हापासूनचं हे नातं आपल्याला जवळचं आहे. दर्शनासाठी जाणार असाल तर पोयाचा दिवस निवडा. पांढऱ्या वस्त्रांतली माणसं कमळं घेऊन शांतपणे चालत असतात, ते विसरता येत नाही. केवळ अवशेष बघायचे असतील तर दुसरा दिवस बरा.

इथं एक गोष्ट मनापासून सांगते. आपल्याकडे श्रद्धेने दंडावर बुद्धाची प्रतिमा गोंदवून घेतात, प्रतिमा छापलेले टी-शर्ट घालतात. श्रीलंकेत त्याकडे अनादर म्हणून पाहतात. २०१४मध्ये एका ब्रिटिश पर्यटक बाईंना दंडावरच्या अशाच गोंदणामुळे परत पाठवण्यात आलं होतं. गोंदण असेल तर बाहीने झाकून ठेवा. मूर्तीकडे पाठ करून सेल्फी काढू नका. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, डोक्यावर टोपी नको. गटातल्या प्रत्येकाला हे निघण्यापूर्वी सांगा, मंदिराच्या दारात नव्हे.

शाकाहारी म्हणजे काय, हे गृहीत धरणे

तिथलं जेवण आपल्याला पटकन रुचतं: परिप्पू म्हणजे नारळाच्या दुधातलं वरण, इंदिअप्पा म्हणजे शेवयांच्या चकत्या, भात आणि चार-पाच भाज्या. पण खवलेल्या ओल्या खोबऱ्याच्या पोल सांबोलात आणि कित्येक भाज्यांत 'उंबलकड' चुरून घालतात. हे मालदीवचे सुकवलेले मासे. दिसत नाही, आणि स्वयंपाक्याच्या मनात ते मसाल्यातच जमा असतं. "व्हेज" म्हटल्यावर तो मान डोलावतो आणि आपल्या ताटात तेच येतं. आमच्या दोन जैन पाहुण्यांनी तीन दिवस नकळत खाल्लं, हे कळल्यावर ते फार दुखावले. म्हणून नाव घेऊन सांगा: "मालु एपा, उंबलकड एपा", मासे नकोत, उंबलकड नको. वट्टलप्पम या गोडाच्या पदार्थात अंडं असतं. हॉटेलला ही यादी आठवडाभर आधी लेखी पाठवा आणि पोचल्यावर आचाऱ्याला भेटून पुन्हा सांगा.

बस माणसांच्या संख्येवर ठरवणे

आसनं मोजली जातात, बॅगा कुणी मोजत नाही. सोळाजणांना कोस्टर मिनीबस पुरते, पण सोळा मोठ्या बॅगा घातल्या की मागच्या रांगा सामानानेच भरतात. माणशी एक मध्यम बॅग असा नियम घाला, किंवा सामानासाठी वेगळी केडीएच व्हॅन घ्या. चालक नुसता चालक आहे की परवानाधारक शोफर गाइड (गाडीही चालवणारा आणि माहितीही सांगणारा), हेही विचारा. पैसे गाइडचे घेऊन चालक पाठवल्याचा अनुभव आम्हाला आला आहे. सफारीची जीप सहाजणांची असली तरी चौघांनीच बसा, मधल्याला हत्ती दिसतच नाही.

किरकोळ वाटणाऱ्या गोष्टी

ईटीए, म्हणजे प्रवासाची ऑनलाइन परवानगी, सरकारी संकेतस्थळावरूनच काढा. हुबेहूब दिसणारी खासगी संकेतस्थळं जादा पैसे घेतात. नियम आणि शुल्क गेल्या काही वर्षांत वारंवार बदलले आहेत, मागच्या वर्षी गेलेल्या मावसभावाचं ऐकून चालू नका.

बऱ्याच वारसास्थळांवर सार्क देशांच्या नागरिकांना तिकीट कमी दरात मिळतं, पण पासपोर्ट दाखवावा लागतो. तो बसच्या पोटातल्या बॅगेत असेल तर सवलत गेली.

पॅकेजचे सगळे पैसे एकाच्याच नावाने भरू नका. परदेशी सहलीवरचा टीसीएस, म्हणजे पॅकेजच्या पैशांबरोबरच घेतला जाणारा आगाऊ कर, पैसे भरणाऱ्याच्या पॅनवर जमा होतो, आणि परतावा मिळेपर्यंत एकाच घराची रक्कम अडकते. प्रत्येक घराने आपापलं भरावं. तिथे गेल्यावर 'रुपये' म्हणजे श्रीलंकेचे रुपये, आपल्या एकाला साधारण साडेतीन. बाजारात भाव करताना ज्येष्ठ मंडळी हमखास गोंधळतात. एका कागदावर शंभर, पाचशे, हजार, पाच हजारांचे हिशेब लिहून त्यांच्या पाकिटात ठेवा.

कँडी-एला रेल्वेची आरक्षित तिकिटं मोठ्या गटाला एकाच डब्यात मिळणं फार कठीण. आधी मार्गाचा कुठला टप्पा चालू आहे ते विचारा. सहा-सात तास बसण्यापेक्षा एखादाच टप्पा रेल्वेने करा आणि बस पुढच्या स्टेशनवर बोलवा. नुवारा एलियासाठी उतरायचं स्टेशन नानु ओया आहे. नुवारा एलियाची उंची १,८६८ मीटर आहे, रात्री स्वेटर लागतो.

आणि आमच्यासारखी शेवटची रात्र गॉलला ठेवू नका. पहाटेचं विमान असेल तर मध्यरात्री म्हाताऱ्या माणसांना उठवावं लागतं. आदल्या दुपारीच निगोंबोला या.