घरच्या घरी स्पोर्ट्स कारचा क्लच कसा बदलावा

प्रत्यक्ष क्लच बदलायला अर्धा तास पुरतो. घरी काम करणाऱ्याचे दोन पूर्ण दिवस जातात ते तिथपर्यंत पोहोचण्यात आणि काढलेलं सगळं जागेवर बसवण्यात. म्हणून एकदा गिअरबॉक्स खाली आला की आत जे जे झिजतं ते त्याच खेपेला बदलून टाका. पहिल्यांदा हे काम केलं तेव्हा मी जुनं रिलीज बेअरिंग (पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारं बेअरिंग) हाताने फिरवून पाहिलं, आवाज आला नाही म्हणून तेच परत बसवलं. चार महिन्यांत ते किरकिरू लागलं आणि त्या एका बेअरिंगसाठी सगळा गिअरबॉक्स पुन्हा उतरवावा लागला.

ही पद्धत पुढे इंजिन आणि मागच्या चाकांना ताकद असलेल्या, हाताने गिअर टाकायच्या गाड्यांसाठी आहे. उदाहरण म्हणून १९८९ मध्ये आलेली पहिल्या पिढीची माझ्दा एमएक्स-५ घेतली आहे. इंजिन मध्यभागी किंवा मागे असेल तर काम बरंच वेगळं होतं.

आधी दुखणं ओळखा

वरच्या गिअरमध्ये चढावर अॅक्सिलरेटर दाबला, इंजिनाचे फेरे वाढले पण वेग वाढला नाही, तर क्लच घसरतोय. उलट, क्लच पूर्ण दाबूनही रिव्हर्स टाकताना करकर होत असेल तर क्लच सुटत नाहीये, आणि त्याचं कारण पुष्कळदा क्लचमध्ये नसून हायड्रॉलिकमध्ये, म्हणजे पेडलचा दाब तेलातून क्लचपर्यंत नेणाऱ्या यंत्रणेत असतं. गिअरबॉक्सजवळचा जो छोटा सिलिंडर क्लच सोडवतो, त्या स्लेव्ह सिलिंडरचं रबर उचलून पाहा. आत ओल असेल तर आधी तो सिलिंडर बदला. कदाचित गिअरबॉक्स उतरवावाच लागणार नाही.

आवाजही बरंच सांगतो. क्लच पेडल दाबल्यावर येणारा आवाज बहुधा रिलीज बेअरिंगचा. न्यूट्रलमध्ये पेडल सोडलेलं असताना येतो आणि दाबल्यावर थांबतो, तो गिअरबॉक्सच्या पुढच्या बेअरिंगचा. नवा क्लच घालून तो जाणार नाही.

गाडी उचलणं

इथे तडजोड नको. सपाट, पक्की जमीन हवी आणि गाडी चार स्टँडवर उभी हवी. जॅक फक्त उचलण्यासाठी. त्याच्या भरवशावर गाडीखाली कधीही जाऊ नका. स्टँड लावल्यावर गाडी हाताने जोरात हलवून पाहा, आणि मगच आत शिरा. उंची इतकी ठेवा की जॅकवर ठेवलेला गिअरबॉक्स गाडीखालून बाहेर सरकेल. बॅटरीची ऋण तार काढा आणि एक्झॉस्ट पूर्ण थंड होऊ द्या.

उतरवण्याचा क्रम

गिअरबॉक्सचं तेल काढण्याआधी भरायचा बोल्ट उघडतो का ते पाहा. तेल रिकामं केलं आणि वरचा बोल्ट गंजून अडकला, तर गाडी तिथेच राहते. तेल निथळेपर्यंत आतून गिअरचा दांडा काढा आणि उघडं तोंड स्वच्छ चिंधीने बंद करा.

मग एक्झॉस्टचा मधला भाग काढा. गिअरबॉक्सची ताकद मागे नेणारा प्रोपेलर शाफ्ट काढण्याआधी त्याच्या आणि डिफरन्शियलच्या (मागच्या चाकांमधल्या गिअर-पेटीच्या) तोंडावर रंगाची एकच रेघ ओढा. शाफ्ट त्याच जुळणीत परत बसला पाहिजे, नाहीतर गाडी थरथरू शकते. स्टार्टर मोटर आणि स्विचच्या तारा सोडवा. स्लेव्ह सिलिंडर नळी न उघडता बोल्टमधून सोडवून तारेने बाजूला टांगा. आता कुणीही क्लच पेडल दाबायचं नाही, नाहीतर पिस्टन बाहेर येईल. घरातल्या सगळ्यांना तसं सांगून ठेवा.

एमएक्स-५ मध्ये गिअरबॉक्सपासून डिफरन्शियलपर्यंत अॅल्युमिनियमची लांब चौकट असते. ती काढण्याआधी गाडीच्या तळापासून तिचं अंतर मोजून लिहून ठेवा.

इंजिनाच्या तेलाच्या चेंबरखाली लाकडी ठोकळा ठेवून जॅकचा आधार द्या, गिअरबॉक्सखाली दुसरा जॅक. मग बेल हाउसिंगचे, म्हणजे गिअरबॉक्सच्या इंजिनाला जोडलेल्या घंटेसारख्या कवचाचे बोल्ट. वरचे बोल्ट सर्वात जास्त छळतात. इंजिनाची मागची बाजू थोडी खाली येऊ दिली की मागून लांब एक्स्टेन्शन आणि वळणारा सॉकेट लावून ते सापडतात. सगळे बोल्ट सारख्या लांबीचे नसतात. पुठ्ठ्यावर हाउसिंगचं चित्र काढून प्रत्येक बोल्ट त्याच्या जागी खोचून ठेवा.

गिअरबॉक्स सरळ मागे ओढा. त्याचा भार इनपुट शाफ्टवर (क्लचमध्ये शिरणाऱ्या पुढच्या दांड्यावर) क्षणभरही लटकू देऊ नका. तो एकट्याने पेलायचा नसतो. जोडीला माणूस घ्या.

आत काय दिसतं

क्लच प्लेटला दाबून धरणाऱ्या प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे करून सैल करा. आतली धूळ हवेने उडवू नका. जुन्या लायनिंगमध्ये (क्लच प्लेटवरच्या घर्षणाच्या थरात) अॅस्बेस्टॉस असू शकतं. मास्क लावा, ब्रेक क्लीनरने भिजवून पुसा.

आता घाई न करता पाहा. लायनिंग तेलकट असेल तर ते तेल कुठून आलं हे शोधल्याशिवाय नवी प्लेट बसवू नका. तेलाचा वास घ्या: गिअर ऑइलला गंधकासारखा उग्र वास असतो. तसा वास असेल तर गिअरबॉक्सचं पुढचं सील गेलंय, नसेल तर इंजिनाच्या क्रँकशाफ्टचं मागचं सील. माझं मत विचाराल तर दोन्ही सील कोरडी असली तरी बदलावीत.

फ्लायव्हीलवर (इंजिनाला जोडलेलं जड चाक, ज्यावर क्लच प्लेट दाबली जाते) निळे डाग किंवा बारीक तडे असतील तर ते मशीनवर घासून घ्या किंवा बदला. अनेक नव्या स्पोर्ट्स कारमध्ये दुहेरी वस्तुमानाचं, म्हणजे दोन भाग स्प्रिंगांनी जोडलेलं फ्लायव्हील असतं. ते सहसा घासत नाहीत, त्याची ढिलाई मोजून निर्णय घेतात. फ्लायव्हीलचे बोल्ट एकदाच वापरायचे असतील तर नवेच घ्या.

पायलट बेअरिंग (इनपुट शाफ्टचं टोक पेलणारं छोटं बेअरिंग) ओढून काढायचा पुलर नसेल तर त्याच्या मागच्या पोकळीत ग्रीस ठासून भरा आणि भोकात नेमका बसणारा दांडा ठेवून हातोडी मारा. ग्रीसच्या दाबाने बेअरिंग बाहेर येतं. बेअरिंगची बैठक मागे उघडी असेल तर मात्र ही युक्ती चालत नाही.

नवा क्लच बसवणं

फ्लायव्हील आणि नव्या प्रेशर प्लेटवरचा गंजरोधक तेलाचा थर ब्रेक क्लीनरने पूर्ण पुसा. यानंतर लायनिंगला ग्रीसचं बोट लागता कामा नये. इनपुट शाफ्टच्या खाचांवर उष्णता सहन करणाऱ्या ग्रीसचा अगदी पातळ हात फिरवा, प्लेट दोन-तीनदा पुढे-मागे सरकवा आणि बाहेर आलेलं ग्रीस पुसून टाका.

प्लेटची बाजू तपासा. कुठली बाजू फ्लायव्हीलकडे ते बहुधा तिच्यावर लिहिलेलं असतं. स्प्रिंगांचा उंचवटा सहसा गिअरबॉक्सकडे येतो. अलाइनमेंट टूल घालून प्लेट मध्यावर धरा आणि बोल्ट समोरासमोर, एकेक फेरा आवळत जा. पहिल्या पिढीच्या एमएक्स-५ मध्ये प्रेशर प्लेटचे बोल्ट १८ ते २६ न्यूटन मीटर आणि फ्लायव्हीलचे ९६ ते १०३ न्यूटन मीटर आवळतात. दुसऱ्या गाडीचे आकडे तिच्या मॅन्युअलमधूनच घ्या.

गिअरबॉक्स चढवताना तो गिअरमध्ये ठेवा आणि मागचा शाफ्ट हळूहळू फिरवा, म्हणजे खाचा जुळतात. शेवटची फट हातानेच मिटली पाहिजे. फट राहिली म्हणून बोल्ट आवळून गिअरबॉक्स ओढून घेतलात तर हाउसिंगचा कान तुटतो किंवा नव्या प्लेटचा मध्य वाकतो. अडलं तर मागे घ्या, अलाइनमेंट पाहा, पुन्हा चढवा. यात तास गेला तरी चालेल.

बाकीचं काढलं त्याच्या उलट क्रमाने. गिअर ऑइल मॅन्युअलमध्ये दिलेल्या दर्जाचंच भरा. जीएल-४ लिहिलं असेल तर जीएल-५ नको, कारण त्यातली काही रसायनं सिंक्रोनायझरच्या (गिअर जुळवणाऱ्या कड्यांच्या) पितळेला मानवत नाहीत. हायड्रॉलिक उघडलं असेल तर हवा काढा आणि ब्रेक ऑइल रंगावर सांडू देऊ नका.

गाडी स्टँडवरच असताना इंजिन चालू करून, क्लच दाबून प्रत्येक गिअर टाकून पाहा. मग पेडलची ढिलाई मॅन्युअलप्रमाणे जुळवा. पुढचे ५०० ते ८०० किलोमीटर थांबत-निघत, सौम्यपणे चालवा, म्हणजे लायनिंग फ्लायव्हीलवर सगळीकडे सारखी बसते. पहिल्या फेरीनंतर गाडी पुन्हा उचला आणि बेल हाउसिंगच्या खालच्या कडेला बोट फिरवून ते कोरडं येतंय का पाहा.