वायफायचं नाव लपवताय? थांबा, आधी या चुका टाळा

गंगापूर रोड असो नाहीतर सिडको, नवीन राउटर बसला की कोणीतरी सांगतंच, नाव हाइड करून टाक, सेफ राहील. नका करू, सगळ्यात मोठी चूक हीच. राउटर नाव सांगत नाही म्हटल्यावर फोनलाच ते नाव घेऊन विचारत फिरावं लागतं, म्हणजे तुम्ही सीबीएसला बसची वाट बघताय आणि खिशातला फोन "कुलकर्णी_फ्लॅट_302 आहे का इथे?" विचारतोय, तेही एनक्रिप्शन नसताना. लॅपटॉपवर फुकटचं वायरशार्क (नेटवर्कवरची ये-जा दाखवणारं सॉफ्टवेअर) आणि मॉनिटर मोडचा, म्हणजे आसपासचे वायफाय सिग्नल टिपणारा, अ‍ॅडॅप्टर असला की झालं, कोणीही वाचतो. बरं, घराजवळच्या हॅकरपासूनही नाव लपत नाहीच, कोणी कनेक्ट झालं की ते दिसतंच.

तर नाव दिसू द्या, फक्त त्यातून आडनाव आणि फ्लॅट नंबर काढा, पासवर्ड तगडा ठेवा. आणि राउटरवर हाइड काढलं तरी फोनमधली जुनी एंट्री फरगेट करून परत जोडा, हे बरेच जण विसरतात मग फोन आपला विचारतच राहतो.

दुसरी चूक, हॉस्टेलचं किंवा ऑफिसचं नेट लागत नाही म्हणून रँडम मॅक बंद करणं. मॅक म्हणजे फोनच्या वायफायचा कायमचा ओळख नंबर, मोबाइल नंबर नव्हे. 2013 मध्ये लंडनला रस्त्यावरच्या कचरापेट्या हाच नंबर टिपून येणारे-जाणारे फोन ओळखत होत्या, बोंब झाल्यावर थांबवलं! आता अँड्रॉइड 10 आणि आयओएस 14 पासून फोन प्रत्येक नेटवर्कला वेगळा खोटा नंबर देतो, त्यामुळे जिथे मॅक फिल्टर आहे, म्हणजे नोंदवलेल्या नंबरांनाच नेट मिळतं, तिथे तो अडकतो. अशा वेळी त्या नेटवर्कच्या सेटिंगमध्ये दिसणारा रँडम नंबरच अ‍ॅडमिनला द्या, अँड्रॉइडवर तो त्या नेटवर्कसाठी सहसा तोच राहतो, आयफोनवर आयओएस 18 असेल तर रोटेटिंगऐवजी फिक्स्ड निवडा. नंबर खरा की खोटा? दुसरं अक्षर बघा, 2, 6, ए किंवा ई असेल तर रँडम.

आणि वायफाय "बंद केलंय" म्हणणाऱ्यांनो, आयफोनच्या कंट्रोल सेंटरमधून ते फक्त डिस्कनेक्ट होतं, खरंच बंद करायचं तर सेटिंग्जमध्ये जा. अँड्रॉइडवर लोकेशनमध्ये वायफाय स्कॅनिंग नावाचं वेगळं बटण असतं, ते चालू असेल तर वायफाय बंद असूनही शोधाशोध सुरूच असते.