गाडीच्या विम्याचा मेसेज आला की लगेच पैसे भरू नका

माझं वय 69. राहते मुलुंड पूर्वेला, गाडी 2017 ची वॅगनआर, 998 सीसी. वर्षाला फार तर तीन-साडेतीन हजार किलोमीटर चालते. भाजी, बँक, ठाण्याला लेकीकडे आणि पुण्याच्या एकदोन खेपा, एवढंच. विमा संपायच्या महिनाभर आधी मोबाईलवर लिंक येते आणि आपण ओटीपी टाकून मोकळे होतो. मीही तेच करायचे. पण त्या लिंकवर असतो तो गेल्या वर्षीचाच कागद, तारीख बदललेला. वर्षभरात आपलं काय बदललं, हे त्याला माहीत नसतं. म्हणून पैसे भरण्याआधी अर्धा तास काढा, चष्मा लावा आणि जुनी पॉलिसी समोर घेऊन बसा.

सगळ्यात आधी गाडी कोणाच्या नावावर आहे ते बघा. आमची ह्यांच्या नावावर होती आणि शेवटची काही वर्षं चालवत मीच होते. मालक-चालकाचा 15 लाखांचा अपघात विमा पॉलिसीत दिसतो, पण तो फक्त आरसी बुकावर नाव असलेल्या माणसाला, तेही तो स्वतः गाडीत असताना आणि लायसन्स चालू असेल तरच. म्हणजे त्या सगळ्या वर्षांत मी बिनविम्याचीच स्टीअरिंगवर बसत होते. मुलगा परदेशात, गाडी त्याच्या नावावर आणि चालवतात बाबा, अशी घरं आमच्या सोसायटीतच चार आहेत. त्यांनी बाबांच्या नावाने वेगळी वैयक्तिक अपघात पॉलिसी घ्यावी, नाहीतर गाडीच त्यांच्या नावावर करावी.

2021 मध्ये हे गेले. एजंट म्हणाला, “काकू, आहे तसंच चालू द्या, हप्ता भरत राहा.” मी ऐकणारच होते, पण लेकीने पॉलिसीतलं बारीक अक्षर वाचून दाखवलं. मालक गेल्यावर पॉलिसी फार तर तीन महिने टिकते, आणि मुदत त्याआधी संपत असेल तर तेवढीच. त्या तीन महिन्यांत फॉर्म 31, मृत्यूचा दाखला आणि वारसांची कागदपत्रं घेऊन आरटीओत गाडी माझ्या नावावर केली, मग विमा. ह्यांचा 50 टक्के नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, तोही मला मिळाला. वारसाला तो मिळतो, फक्त आपल्याला तो मागावा लागतो. कुणाच्या घरी असा प्रसंग आला असेल तर तेराव्यानंतर हे एक काम उरकायला विसरू नका.

आता पैशांचं. वय वाढलं म्हणून थर्ड पार्टीचा, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्यासाठीचा, हप्ता वाढत नाही. तो सरकार ठरवतं, इंजिनाच्या सीसीवर, आणि सगळ्या कंपन्यांत सारखाच असतो. जून 2022 च्या दरपत्रकात 1000 सीसीपर्यंतच्या गाडीला 2,094 रुपये, 1500 पर्यंत 3,416 आणि त्यावर 7,897, शिवाय 18 टक्के जीएसटी. इथे घासाघीस करायला जागा नाही. जागा आहे ती दुसऱ्या भागात, आपल्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या, म्हणजे ओन डॅमेजच्या हप्त्यात.

तिथला पहिला आकडा आयडीव्ही. गाडी चोरीला गेली किंवा पार मोडली तर मिळणारी रक्कम. पाच वर्षांपर्यंतच्या गाडीला तो ठरलेल्या टक्क्यांनी उतरतो. त्यापुढे कंपनी आणि आपण मिळून ठरवायचा असतो, म्हणून तर वेबसाइटवर तो खालीवर करता येतो. खाली सरकवला की हप्ता कमी दिसतो आणि आपण खूश होतो. पण दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या 75 टक्क्यांवर गेला की कंपनी गाडी ‘टोटल लॉस’ धरते. आयडीव्ही 1,40,000 ठेवला तर 1,05,000 च्या वर बिल गेल्यावर गाडी गेली. 1,80,000 ठेवला तर ही रेषा 1,35,000 वर जाते. चांगली सांभाळलेली जुनी गाडी अशीच हातची जाते आणि त्या पैशांत तशी दुसरी मिळत नाही. तीनशे-चारशे रुपयांसाठी आयडीव्ही पाडू नका. बाजारात गाडीला जे येईल, त्याच्या जवळचा आकडा ठेवा.

दुसरी गोष्ट नो क्लेम बोनसची. गेल्या वर्षी गाडी मागे घेताना खालच्या खांबाला घासली. मागचा बंपर फाटला. गॅरेजवाला म्हणाला, “मॅडम, इन्शुरन्समध्ये करून देतो, तुमचा एक पैसा जाणार नाही.” बिल 5,200 चं: 3,000 बंपरचे, 2,200 रंग आणि मजुरीचे. घरी येऊन कागदावर हिशोब मांडला. प्लॅस्टिकवर 50 टक्के घसारा, म्हणजे 1,500 गेले. सक्तीची कपात 1,000. हातात फार तर 2,700, रंगाच्या सामानाची कपात अजून वेगळी. आणि त्यापायी 50 टक्क्यांचा बोनस शून्यावर. बोनस पुन्हा चढतो तो 20, 25, 35, 45 असा पायरी पायरीने. माझा ओन डॅमेजचा हप्ता बोनसआधी 5,000 धरला, तर पाच वर्षांत मिळून 6,250 जास्त भरावे लागले असते. मी 5,200 खिशातून दिले. मोठा अपघात असेल तर क्लेम जरूर करा, विमा त्यासाठीच आहे. आणि छोटे ओरखडे आपणच भरणार असं ठरलंच असेल, तर 2,500 चं व्हॉलंटरी डिडक्टिबल, म्हणजे प्रत्येक क्लेममध्ये तेवढे पैसे आपणच सोसायची अट, घेऊन हप्ता किती उतरतो ते बघा.

विमा संपल्यावर 90 दिवसांत नूतनीकरण झालं नाही तर हा बोनस बुडतो. लेकीकडे अमेरिकेला चार महिने जाणाऱ्यांनी निघण्याआधीच भरून जावं.

आता जोडींचं, म्हणजे जादा हप्ता भरून घ्यायच्या वाढीव संरक्षणाचं. झिरो डेप, म्हणजे घसारा न कापण्याची जोड, जुन्या गाडीला बऱ्याच कंपन्या देत नाहीत. दिलाच तर हप्ता बघून ठरवा. पण मुंबईत इंजिन प्रोटेक्ट, म्हणजे पाण्याने इंजिन गेलं तर त्यासाठीची जोड, सोडू नका. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिलीमीटर पाऊस झाला. तेव्हापासून पावसाळ्यात भांडुपपुढे पाणी दिसलं की माझं पोट ढवळतं. ओन डॅमेज असलेल्या साध्या पॉलिसीत पुराचं नुकसान भरून मिळतं, पण पाण्यात बुडलेली गाडी चालू करून इंजिन गेलं तर मिळत नाही. आमच्या शेजाऱ्यांच्या गाडीत सीटपर्यंत पाणी शिरलं होतं. पाणी उतरल्यावर पुतण्याने “बघू तरी” म्हणून किल्ली फिरवली. एकदाच. तेवढ्याने इंजिन गेलं आणि क्लेमही. किल्लीला हात लावू नका. दारावरच्या पाण्याच्या खुणेसकट फोटो काढा, कंपनीला फोन करा, गाडी टो करून न्या.

कमी चालवणाऱ्यांसाठी 2022 पासून किलोमीटरवर बेतलेली जोडही मिळते. घेताना गणपतीत गावी जायचे किलोमीटर धरा. रात्रीचं चालवणं सोडून पगारी ड्रायव्हर ठेवला असेल तर त्याच्या जबाबदारीचं कलम घाला, वर्षाला 50 रुपयांच्या आसपास पडतं.

लायसन्सची तारीख आजच बघा. पंचावन्ननंतर ते पाच-पाच वर्षांचंच मिळतं, डॉक्टरांच्या सहीच्या फॉर्म 1-ए सकट, आणि संपायच्या वर्षभर आधी अर्ज करता येतो. संपलेल्या लायसन्सवर अपघात झाला तर कंपनी पहिलं बोट तिथेच ठेवते.

क्लेम नाकारला आणि कारण पटलं नाही तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा. महिनाभरात उत्तर आलं नाही, किंवा आलेलं पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जा. मुंबईचं कार्यालय सांताक्रूझ पश्चिमेला एस. व्ही. रोडवर आहे, आमच्या मुलुंड-भांडुपकडच्यांसाठी मात्र ठाण्याचं. फी नाही, वकीलही लागत नाही. अर्ज मराठीतूनही लिहा. सोबत पॉलिसी, नकाराचं पत्र आणि गाडीचे फोटो जोडा, आणि प्रत्येक कागदाची एक झेरॉक्स आपल्याकडे ठेवा.