येशू देव की माणूस? असं कोणी विचारलं तर काय सांगायचं

नाताळात करंज्या खाता खाता एखादी मैत्रीण हमखास विचारते, "तुमचा येशू नक्की देव की माणूस गं?" आणि आपण "दोन्ही" म्हणून मोकळे होतो. उत्तर बरोबरच आहे, पण तिला काय कळलं त्यातून?

पहिलं म्हणजे फिफ्टी-फिफ्टी हा शब्द तोंडातून काढूच नका. चर्चची शिकवण आहे ती पूर्ण देव आणि पूर्ण माणूस अशी, व्यक्ती मात्र एकच, आणि दुधात पाणी ओतल्यासारखी भेसळ तर मुळीच नाही. हे 451 साली खाल्सेदोन इथल्या बिशपांच्या परिषदेत ठरलं, त्याआधी 325 ला निकेयाच्या परिषदेत आरियस नावाच्या धर्मगुरूचं "पुत्र (म्हणजे येशू) हा देवाने निर्माण केलेला" हे म्हणणं नाकारलं होतं. (केरळातल्या ऑर्थोडॉक्स मंडळींना खाल्सेदोनची "दोन स्वभाव" (म्हणजे एक दैवी, एक मानवी) ही भाषा मान्य नाही, पण येशू देवही आणि माणूसही हे तेही मानतात.) अर्थात ही सनावळी पाहुण्यांपुढे उघडू नका, जांभया देतील.

त्यापेक्षा सरळ बायबल काढा, मार्क 4, ओवी 35 पासून पुढे. गालील समुद्रात वादळ, होडीत पाणी भरतंय, आणि येशू मागच्या बाजूला उशीवर डोकं टेकून झोपलाय, दिवसभर लोकांना शिकवून दमलेला असणार. शिष्य घाबरून उठवतात, तो उठतो, वाऱ्याला दटावतो आणि वारा पडतो. झोपलेला तोच आणि दटावणाराही तोच. शिष्य म्हणतात, हा आहे तरी कोण? बस, इथे थांबा आणि लगेच समजवायला जाऊ नका, तिला बोलू दे.

"म्हणजे अवतारच ना?" हे येणारच. वाद नको, ख्रिस्ती लोक काय मानतात तेवढं सांगा: हे एकदाच घडलं आणि माणूसपण त्याने नंतरही टाकलं नाही. लूक 24 मध्ये पुनरुत्थानानंतर तो हातपाय दाखवतो, भाजलेल्या माशाचा तुकडा सगळ्यांदेखत खातो.

"पण दोन्ही कशाला लागतं?" यावर मात्र वेळ द्या, कारण तारणाची, म्हणजे पापातून सुटकेची, सगळी गोष्ट इथेच आहे. मरायचं तर माणूस व्हायलाच हवं, आणि नुसत्या एका माणसाच्या मरणाने जगाचं पाप कसं फिटणार?

वाचणारी मैत्रीण असेल तर मार्क 13:32 काढेलच, "तो (शेवटचा) दिवस पुत्रालाही माहीत नाही" असं येशूच म्हणतोय की! टाळू नका. माणूस म्हणून त्याचं ज्ञान मर्यादित होतं, असं बरेच जण सांगतात. तिला नाही पटलं तर नाही पटलं, करंज्यांची प्लेट पुढे करा.