लवंग तेलाने तण मारायचं असेल तर

सासवडजवळच्या आमच्या रोपवाटिकेत ग्लायफोसेट हे रासायनिक तणनाशक येत नाही. तिथे बायका दिवसभर मातीत हात घालून बसतात, त्यांची पोरं पिशव्यांमधून खेळतात. वाफ्यातलं तण खुरप्यानेच निघतं. विटांच्या वाटांमधल्या फटीत मात्र खुरपं शिरत नाही. तिथे मी लवंगाचं तेल मारते.

लवंग तेलातलं युजेनॉल पानाच्या पेशींची आवरणं फोडतं आणि पानातलं पाणी बाहेर येतं. सकाळी फवारलं की तासा-दोन तासांत गाजर गवताचं कोवळं रोप उकडलेल्या पालकासारखं काळपट, लिबलिबीत होतं. ऊन असलं तर संध्याकाळपर्यंत वाळून कागद. पण औषध लागेल तिथेच काम करतं, मुळापर्यंत उतरत नाही. म्हणून वेळ साधायची ती रोप दोन ते चार पानांवर असताना. पहिल्या पावसानंतर आठ-दहा दिवसांत वाटांवर हिरवी लव दिसते, तेव्हाच. गाजर गवत फुलोऱ्यावर आलं की तेल वाया घालवू नका. हातमोजे घालून उपटा, त्याने अंगाला खाज सुटते.

हरळी आणि लव्हाळा यांच्यावर तर पैसे घालवूच नका. वरचं पातं जळतं, पण खाली हरळीच्या काशा आणि लव्हाळ्याच्या गाठी शाबूत राहतात आणि पुन्हा फुटतात. त्या खणून वेचायच्या, दुसरा इलाज नाही.

तेल घेताना बाटलीवर युजेनॉल किती टक्के आहे ते पाहा. लिहिलेलं नसेल तर दुकानदाराला विचारा, कारण स्वस्त तेलात भेसळ फार. लवंगेच्या पानांपासून काढलेलं तेल कळ्यांच्या तेलापेक्षा स्वस्त पडतं आणि या कामाला तेच पुरे.

आता मिश्रण. लिटरभर द्रावणाला ५० मिली तेल, म्हणजे ५ टक्के. त्याहून पातळ केलं तर पानावर नुसते डाग पडतात आणि रोप सावरतं. रोपं जरा थोराड असतील तर ७०-८० मिलीपर्यंत जा. तेल पाण्यात मिसळत नाही, म्हणून आधी कोरड्या भांड्यात तेल आणि २० मिली पोटॅश साबण (नसेल तर भांड्यांचा द्रव साबण) एकजीव करा. मग पाणी थोडं थोडं ओता, ढवळत राहा. ताकासारखं पांढरं झालं की जमलं. वर तवंग दिसला तर साबण कमी पडला. फवारतानाही पंप अधूनमधून हलवायचा, नाहीतर शेवटी नुसतं तेल येतं.

वारा नसलेली, उन्हाची सकाळ निवडा. पुढचे काही तास पाऊस नको. पानं दोन्ही बाजूंनी निथळेपर्यंत भिजवा. लिटरभरात साधारण दहा-बारा चौरस मीटर होतं. तेलाला तण कोणतं नि पीक कोणतं हे कळत नाही, म्हणून रोपांच्या कडेला पत्रा किंवा पुठ्ठा आडवा धरा. मधमाश्या बसतात त्या फुलांवर, विहिरीच्या काठाला, माशांच्या टाकीजवळ अजिबात नको.

‘नैसर्गिक’ म्हणून निर्धास्त राहू नका. हे तेल कातडीला झोंबतं आणि डोळ्यात गेलं तर भयंकर आग होते. चष्मा, हातमोजे, तोंडाला फडकं हवंच. पोरांना आणि मांजरांना फवारा वाळेपर्यंत लांब ठेवा. फवारलेल्या जागी आठवडाभर बी टाकू नका, उगवण मार खाते.

निलगिरीचं तेलही चालतं. चंडीगडच्या पंजाब विद्यापीठातल्या संशोधकांनी लिंबाच्या वासाच्या निलगिरीचं तेल गाजर गवतावर वापरून २००५ मध्ये त्याचे परिणाम प्रसिद्ध केले आहेत. मी स्वतः लवंगेवरच भरवसा ठेवते, कारण निलगिरी आमच्या उन्हात लवकर उडून जाते. मोठ्या शेताला मात्र यातलं काहीच परवडणार नाही. तेल महाग आहे आणि महिन्याभरात नवं बी उगवलं की पुन्हा मारावं लागतं. वाटा, कुंपणाची कड, फरशीच्या फटी एवढ्यापुरतंच हे काम.

फवारणी झाली की पंप कोमट साबणाच्या पाण्याने लगेच धुवा. तेल आत राहिलं तर रबरी वायसर फुगतात आणि पुढच्या वेळी दट्ट्या हलत नाही.